फ्रँक रायकार्डला आपण विसरलो का?

दहा नंबरी

परवा भाच्याशी वाद झाला. वय वर्षं सतरा, खोलीत मेस्सीचं पोस्टर, मोबाईलवर रात्रंदिवस फुटबॉल. सहज विचारलं, मेस्सीला बार्सिलोनाच्या, म्हणजे बार्साच्या, पहिल्या संघात कोणी आणलं रे? म्हणाला, पेप ग्वार्डिओलाने. म्हटलं, बाळा, पेप तेव्हा कतारमध्ये स्वतःच खेळत होता. मग कोण? रायकार्ड. त्यावर भाचा मख्खपणे म्हणतो, "कोण रायकार्ड?"

मला हे लागलं, खरं सांगतो. ज्या माणसाने खेळाडू म्हणून तीनदा क्लबांचा युरोपियन चषक उचलला (मिलानकडून १९८९ आणि १९९०, आयाक्सकडून १९९५), हॉलंडकडून १९८८ चा युरो जिंकला आणि प्रशिक्षक म्हणून २००६ मध्ये बार्साला तोच चषक मिळवून दिला, त्याचं नाव आजच्या पोरांना माहीत नसावं? खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिकांत हा चषक जिंकणारा तो फक्त पाचवा. आधीचे चौघे मुन्योझ, ट्रापाटोनी, क्रॉइफ आणि अँचेलोटी. पेप आणि झिदान नंतरचे.

माझं म्हणणं असं की पेपच्या घराचा पाया रायकार्डने घातला आणि वास्तुशांतीच्या पत्रिकेवर मात्र त्याचं नाव नाही. तुम्हाला काय वाटतं? तो खरंच मोठा प्रशिक्षक होता, की रोनाल्डिन्होच्या पुण्याईवर तरला?

कॅटलान काका

धाग्याबद्दल दंडवत घ्या. +१००.

आज लोकांना वाटतं बार्सा म्हणजे कायमच बार्सा. २००३ मध्ये काय अवस्था होती ते आम्हाला विचारा. शेवटची स्पॅनिश लीग १९९९ ची, आदल्या मोसमात सहावा नंबर, क्लबमध्ये नुसता गोंधळ. लापोर्ता अध्यक्ष झाला, पॅरिसहून रोनाल्डिन्हो आणला आणि रायकार्डला बसवलं. पहिले सहा महिने भयंकर गेले. माणूस आज जातो की उद्या अशी स्थिती होती. मग जानेवारी २००४ मध्ये युव्हेंटसकडून एडगर डाविड्स उसना आणला आणि गाडी अशी काही सुटली की मोसमाअखेर थेट दुसरा नंबर. डाविड्स मागे राखण करायला लागला आणि झावीला पुढे सरकायला मोकळीक मिळाली. एका माणसाने इतका फरक पडलेला मी नंतर पाहिला नाही.

पुढच्या दोन्ही मोसमांत लीग. मेस्सीचं म्हणाल तर लीगमधला पहिला सामना १६ ऑक्टोबर २००४, एस्पान्योलविरुद्ध, डेकोच्या जागी. पहिला गोल १ मे २००५, अल्बासेतेविरुद्ध. रोनाल्डिन्होने चेंडू अलगद उचलून दिला, पोराने तो तसाच गोलकीपरच्या डोक्यावरून टाकला आणि उडी मारून रोनाल्डिन्होच्या पाठीवर बसला. तो फोटो भाच्याला दाखवा.

माद्रिदचा मावसभाऊ

काका, पुढची गोष्ट पण सांगा की. का तिथे वीज गेली होती?

२००६-०७ मध्ये तुमचे आणि आमच्या रियाल माद्रिदचे सारखेच ७६ गुण, आपसातल्या सामन्यांच्या हिशोबावर लीग आमची. शेवटून दुसऱ्या फेरीत तामुदोने शेवटच्या मिनिटाला गोल घातला आणि एस्पान्योलने तुमच्याच अंगणात तुम्हाला बरोबरीत रोखलं, आठवतंय? त्याच्या पुढच्या वर्षी १८ गुणांनी मागे, तिसरा नंबर. ७ मे २००८ ला आमच्या मैदानावर, बर्नाबेऊवर, तुमची पोरं दोन रांगा करून उभी राहिली आणि आमच्या विजेत्यांसाठी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर आम्ही ४-१ ने धुतलं. दुसऱ्याच दिवशी लापोर्ताने जाहीर केलं की पुढच्या मोसमापासून पेप.

पाया वगैरे ठीक आहे हो. पण भाडेकरूने घराची काय दशा केली होती तेही बघा.

शंकासुर

हा थुंकणारा रायकार्ड तोच का?

खवट खोबरं

झालं. आलाच तो विषय. मी मिनिटं मोजत होतो.

मास्तर

हो, तोच. आणि तो सामना मी लाइव्ह पाहिलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर पुढे सरका.

१९९० चा विश्वचषक. दूरदर्शनवर. आमच्या चाळीत रंगीत टीव्ही एकाच घरी, मजल्यावरची आम्ही दहाबारा पोरं त्यांच्या पुढच्या खोलीत दाटीवाटीने. रात्री साडेबारा वाजता पश्चिम जर्मनी विरुद्ध हॉलंड, मिलानच्या सान सिरोवर. गंमत बघा, गुलिट, फान बास्टन आणि रायकार्ड हे मिलानचे, तर मातेउस, ब्रेमे आणि क्लिन्समन हे इंटरचे. मैदान दोन्ही क्लबांचं एकच. म्हणजे देशांच्या झेंड्याखाली गल्लीतलंच भांडण. आम्ही सगळे हॉलंडवाले, गुलिटच्या वेण्यांमुळे. एकटा घरमालकाचा मुलगा जर्मनीकडे, पण टीव्ही त्याचा असल्याने कोणी काही बोलत नव्हतं.

वीसेक मिनिटं झाली असतील. रायकार्डने जर्मनीच्या फोलरला पाडलं, पिवळं कार्ड मिळालं. जागा बदलताना तो फोलरच्या मागून गेला आणि जाता जाता थुंकला. फोलरचे ते मेंढीसारखे कुरळे केस, त्यात ते अडकलेलं टीव्हीवर दिसत होतं! फोलर पंचाला दाखवायला गेला तर उलट त्यालाच पिवळं कार्ड. पुढच्याच मिनिटाला फोलर चेंडूमागे हॉलंडचा गोलकीपर फान ब्रोयकेलनच्या अंगावर गेला, पुन्हा बाचाबाची, आणि पंचाने दोघांनाही बाहेर काढलं. बाहेर जाताना रायकार्ड पुन्हा एकदा थुंकला. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या दारातून काकू बघत होत्या. म्हणाल्या, "शी! हे असलं बघायला रात्री जागता होय रे?" कोणाकडेच उत्तर नव्हतं. सामना जर्मनीने २-१ असा जिंकला आणि पुढे चषकही नेला.

फोलरने त्या दिवशी काहीच केलं नव्हतं, हेही लिहिलं पाहिजे. पुष्कळ जण "दोघे एकमेकांवर थुंकले" असं सांगतात, ते चूक आहे. रायकार्डने नंतर त्याची माफी मागितली आणि त्याने ती मोठ्या मनाने स्वीकारली. काही वर्षांनी दोघांनी मिळून एका डच लोण्याची जाहिरात केली, अंघोळीचे झगे घालून!

मला त्या प्रसंगाचं आजही कोडं आहे ते वेगळ्या कारणाने. बाकी सगळ्या कारकिर्दीत हा माणूस मितभाषी, सभ्य, पत्रकारांपासून चार हात लांब राहणारा. प्रशिक्षक झाल्यावर तर संताप संताप म्हणतात तो याला शिवलाच नाही. मग त्या रात्री कुठून आलं ते?

आम्स्टेलवेनकर

मास्तर, छान लिहिलंत. एक खुसपट काढतो, राग नसावा. डच उच्चार "रायकार्ड" नाही, शब्दाच्या शेवटचा ड इथे ट होतो. म्हणजे "रायकार्ट". आणि तो "राय" पण नीट राय नाही, राय आणि रेय यांच्या मधलं काहीतरी. मी इथे सात वर्षं राहून अजून जमलेलं नाही. प्रशिक्षक फान खालचं तर विचारूच नका. आपण ज्याला "व्हॅन गाल" म्हणतो त्यातला ग म्हणजे घशातून, सकाळी बेसिनपाशी उभं राहून काढतात तसा ख.

रेघोट्या

म्हणजे नीट डच बोलायला गेलं की थोडी थुंकी उडतेच. फोलरला कदाचित नुसता नमस्कार केला असेल. 🙂

खवट खोबरं

😂😂 रेघोट्याताई, धागा इथेच बंद करा. याच्या वर काही जाणार नाही.

दहा नंबरी

हाहा. पण कृपया थुंकीवरून पुढे जाऊ या. मास्तरांचा प्रश्न मला आवडला, त्यावर येतो नंतर. आधी त्याच्या खेळाबद्दल कोणीच काही लिहिलं नाही अजून.

रंकाळ्याकाठी

मी लिवतो. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडीलची आणि खंडोबाची मॅच असली की निम्मं गाव दुकानं लावून तिकडं. तर आमच्या तालमीत एक जुनं जाणतं खेळाडू होतं, आम्ही त्याला नुसतं दादा म्हणायचो. ते सांगायचं की स्टॉपरला (मधल्या बॅकला) मागून खेळ दिसतो, हाफला (मधल्या फळीतल्याला) पुढून दिसतो, दोन्हीकडून दिसतो असा जगात एकच, रायकार्ड.

तवा हसायचो. मागनं यूट्यूबवर बघितलं आणि पटलं. १९८८ च्या युरोत तो स्टॉपर, कोमानच्या जोडीला. कोच मिकेल्सच्या त्या टीममध्ये पुढं गुलिट आणि फान बास्टन, त्यामुळं मागं कोण होतं ते कोण बघतंय! मग मिलानला कोच साक्कीनं त्याला मधल्या फळीत आणलं, अँचेलोटीच्या शेजारी. भावांनो, १९९० ची बेनफिकाविरुद्धची फायनल बघा. सामना गच्च अडकलेला. फान बास्टनला चेंडू मिळतो, आणि हा गडी मधनं सुटतो ते थेट बॅकांच्या मधल्या फटीतनं. पास आला, दोन पावलं, बाहेरच्या बाजूनं चेंडू ढकलला, गोल. १-०. मॅच खल्लास. उड्या नाहीत, नाचणं नाही. लई भारी.

आता खरी गंमत. ती फायनल व्हिएन्नात. पाच वर्षांनी, २४ मे १९९५, त्याच व्हिएन्नाच्या त्याच मैदानावर आयाक्स विरुद्ध मिलान. रायकार्ड आता आयाक्सकडं, वय ३२, आजूबाजूला सगळी वीस-बावीसची पोरं. ८५ व्या मिनिटाला यानं बॉक्सच्या तोंडावर चेंडू दिला क्लायव्हर्टला, त्या अठरा वर्षांच्या पोरानं चार जणांतनं पायाच्या टोकानं लोटला. १-०. जुन्या मालकाला हरवून गडी रिटायर! असा शेवट मागून मिळत नाही.

मास्तर

रंकाळ्याकाठी, क्या बात है. भर घालतो: त्या मोसमात आयाक्स डच लीगमध्ये एकही सामना हरला नाही. आणि व्हिएन्नाच्या मैदानाला तोवर एर्न्स्ट हाप्पेलचं नाव दिलेलं होतं. हाप्पेल ऑस्ट्रियन, पण १९७० मध्ये फेयेनोर्डला युरोपियन चषक मिळवून देणारा आणि १९७८ च्या विश्वचषकात हॉलंडला फायनलपर्यंत नेणारा प्रशिक्षक. तिथेही हॉलंड आहेच.

मडगांवकार

पात्रांव, तुम्ही सगळे क्रॉइफची भानगड विसरले.

१९८७. क्रॉइफ आयाक्सचा कोच. त्याच वर्षी मे महिन्यात अथेन्सला कप विनर्स कप जिंकलेला, फान बास्टनच्या गोलवर. रायकार्ड पंचविशीतला. क्रॉइफचं बोलणं म्हणजे सुई टोचत राहणं, एकदा नाही, रोज. सप्टेंबरात प्रॅक्टिसमध्ये एके दिवशी ह्याचा फ्यूज उडाला आणि हा सरळ मैदान सोडून गेला, तो परत फिरलाच नाही. पोर्तुगालच्या स्पोर्टिंगने घेतला, तर नोंदणीची मुदत टळलेली! म्हणून तिथून उसना झारागोझाला. युरोपातला एक उत्तम बॅक, आणि धड क्लब नाही. पुढच्या वर्षी युरो जिंकला आणि मिलानला गेला.

आता ऐक मरे, २००३ ला लापोर्ताच्या कानात रायकार्डचं नाव घालणारा कोण? तोच क्रॉइफ. आमच्या गावात भांडलेली माणसं तीन पिढ्या एकमेकांच्या घरची भाजी खात नाहीत.

मास्तरांच्या कोड्याचं उत्तर पण इथेच असेल. शांत माणूस साठवत जातो, साठवत जातो, आणि मग एकदम. १९८७ ला मैदान सोडलं, १९९० ला थुंकला.

आणि एक आपल्याकडची गोष्ट. १९८८ च्या त्या डच संघात विम कूफरमान्स म्हणून एक बॅक होता, बहुतेक बाकावरच. तोच २०१२ ला आपल्या भारताच्या संघाचा कोच झाला आणि आल्या आल्या दिल्लीत नेहरू कप जिंकून दिला. म्हणजे रायकार्डशेजारी बसून युरोचं पदक घेतलेला माणूस आपल्या पोरांना शिकवून गेला. किती जणांना ठाऊक आहे?

शंकासुर

मला नव्हतं. वाचनखूण साठवली.

खवट खोबरं

सगळे आरती ओवाळताय म्हणून मी जरा पाणी ओततो.

प्रशिक्षक म्हणून त्याची कारकीर्द सरळ रेषेत मांडा. १९९८ मध्ये कुठलाही संघ सांभाळल्याचा अनुभव नसताना थेट हॉलंडचा मुख्य प्रशिक्षक, आधी फक्त हिडिंकच्या हाताखाली सहायक. २००० चा युरो घरच्या मैदानांवर, उपांत्य फेरीत घरी. मग स्पार्टा रॉटरडॅम. हॉलंडमधला सगळ्यात जुना व्यावसायिक क्लब, १८८८ चा, कधीही पहिल्या श्रेणीतून खाली न गेलेला. रायकार्ड आला आणि २००२ मध्ये ते पण झालं. मग बार्सा. मग गालातासाराय, दुसऱ्या मोसमाच्या सुरुवातीलाच निरोप. मग सौदी अरेबिया, २०१४ च्या विश्वचषकाच्या पात्रतेतून बाहेर, जानेवारी २०१३ मध्ये निरोप. पाच नोकऱ्या, एक यशस्वी. त्यातही पहिली तीन वर्षं शेजारी हेंक टेन काटे होता. ओरडणं, दटावणं, वेळेवर आलास का विचारणं ही कामं त्याची. २००६ मध्ये टेन काटे आयाक्सला गेला. पुढच्या दोन वर्षांत काय झालं ते मावसभाऊंनी वर लिहिलंच आहे.

योगायोग म्हणायचा का?

चहा बिस्किट

२००० चं नाव काढू नका हो. जखम आहे ती. आधीच्या सामन्यात युगोस्लाव्हियाला ६-१! त्याआधी विश्वविजेत्या फ्रान्सला ३-२. मग आम्स्टरडॅमला इटली. ३४ व्या मिनिटाला झांब्रोटा लाल कार्ड घेऊन बाहेर. सामन्यातच दोन पेनल्ट्या मिळाल्या: फ्रँक डी बोअरची इटलीचा गोलकीपर टोल्डोने अडवली, क्लायव्हर्टची खांबावर. जवळजवळ दीड तास दहा जणांविरुद्ध एक गोल होत नाही! मग टायब्रेकर. पुन्हा डी बोअर, पुन्हा टोल्डो. स्टामने चेंडू स्टँडमध्ये पाठवला. टोट्टीने तो चमच्याने उचलून टाकल्यासारखा मधोमध टाकला. मी तेव्हा बारावीत. बाबा म्हणाले, "एवढा अभ्यासासाठी रडला असतास तर..."

आणि रायकार्डने तिथल्या तिथे राजीनामा दिला. कोणी मागितला नव्हता. खवट, तुम्ही "घरी" असं लिहिलंत म्हणून सांगतो: त्या संघाचा खेळ स्पर्धेत सगळ्यात देखणा होता. पाच पेनल्ट्या प्रशिक्षक चुकवत नाही.

खवट खोबरं

मान्य. ते मागे घेतो. स्पार्टाचं मागे घेत नाही.

आम्स्टेलवेनकर

स्पार्टावरून आठवलं. फान खाल स्वतः खेळाडू म्हणून तिथेच रमला, आठ वर्षं. आयाक्सच्या पहिल्या संघात त्याला कधी उतरताच आलं नाही. आणि पुढे प्रशिक्षक म्हणून आयाक्सला १९९५ चा चषक त्यानेच दिला, रायकार्ड ज्यात खेळला तोच. इथली जुनी मंडळी हे गमतीने सांगतात: ज्याला पायाने जमलं नाही त्याने डोक्याने केलं.

इथे एक मजा सांगतो. आयाक्सचं जुनं मैदान डे मेर, जिथे रायकार्ड वाढला, ते पाडून तिथे घरं बांधली आहेत आणि रस्त्यांना जगातल्या मैदानांची नावं दिली आहेत. ऑफिसातला एक जण तिथे राहतो. पत्ता सांगताना "मी वेम्बलीला राहतो" म्हणतो आणि नव्या माणसाचा चेहरा बघत बसतो.

शंकासुर

मग प्रश्नच असा की मोठा खेळाडू मोठा प्रशिक्षक होतो का? त्या डच मंडळींत तर सगळे नमुने सापडतील.

मास्तर

सापडतात. फान बास्टन घ्या. त्याच्याइतका सुंदर खेळणारा नववा नंबर (स्ट्रायकर) मी पाहिला नाही. घोट्याने घात केला, शेवटचा सामना अठ्ठाविसाव्या वर्षी. प्रशिक्षक म्हणून हॉलंडला २००८ च्या युरोत इटलीवर ३-०, फ्रान्सवर ४-१ असे विजय मिळवून दिले आणि उपांत्यपूर्व फेरीत रशियाकडून हरला. रशियाचा प्रशिक्षक हिडिंक! खेळाडू म्हणून हिडिंक काही फार मोठा नव्हता. पुढे आळ्कमारच्या क्लबात फान बास्टनने तब्येतीमुळे मुख्य प्रशिक्षकपद सोडलं आणि त्याच संघात सहायक म्हणून राहिला. ताण सोसवत नाही हे कबूल करायलाही धीर लागतो.

गुलिट चेल्सीत १९९७ चा एफए कप जिंकला, असा जिंकणारा पहिला परदेशी प्रशिक्षक. पुढे फारसं नाही. कोमानने आयाक्स, पीएसव्ही आणि फेयेनोर्ड या तिन्ही ठिकाणी खेळूनही दाखवलं आणि प्रशिक्षकपदही सांभाळलं, असा तो एकटाच. आणि क्रॉइफ तर क्रॉइफच. १९८८ च्या त्या एका संघातून किती प्रशिक्षक निघाले ते बघा.

माद्रिदचा मावसभाऊ

मास्तर, यादी उत्तम, पण मूळ मुद्दा टळतोय. रायकार्ड मोठा की नाही? मी नाही म्हणतो. फेब्रुवारी २००७ आठवा. रासिंगविरुद्ध शेवटची काही मिनिटं राहिली असताना तुमच्या एटूने मैदानात उतरायला नकार दिला. दोन दिवसांनी एका कार्यक्रमात पत्रकारांसमोर प्रशिक्षकावर आणि रोनाल्डिन्होवर तोंडसुख घेतलं. दुसऱ्या कुठल्या संघात चाललं असतं हे? पेप आला आणि सगळ्यात आधी रोनाल्डिन्हो आणि डेकोला वाटेला लावलं. म्हणजे रोग कुठे आहे हे बाहेरून आलेल्याला पहिल्या दिवशी दिसलं आणि आत बसलेल्याला दोन वर्षं दिसलं नाही.

कॅटलान काका

दिसत होतं हो. दिसत नव्हतं असं नाही. पण ज्या पोराने तुम्हाला बुडताना वर काढलं त्याला हाकलायचं कसं? नोव्हेंबर २००५, तुमचंच बर्नाबेऊ, ३-०. रोनाल्डिन्होच्या दुसऱ्या गोलनंतर तुमचेच लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मिशीवाला गृहस्थ टीव्हीवर दिसतो तो. तुम्ही नव्हता ना त्यात?

माद्रिदचा मावसभाऊ

प्रकाटाआ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

रेघोट्या

मी फुटबॉलवाली नाही, नवरा बार्साचा वेडा म्हणून ऐकून ऐकून पाठ झालंय. पण वीस वर्षं शाळेत शिकवते, आणि इथलं वाचून मला आमच्या शाळेतले एक सर आठवले. नाव नको.

ते नववीच्या वर्गावर कधीच ओरडायचे नाहीत. चित्रकला. मुलं उशिरा आली तर नुसतं बघायचे आणि बाकाकडे बोट करायचे. पहिली दोन वर्षं त्या तासाला मुलांनी जे काही काढलं, ते आजही आमच्या जिन्यात लावलेलं आहे. ज्या पोराला सगळ्या शिक्षकांनी ओवाळून टाकलं होतं, त्याने तिथे घोड्यांचं एक चित्र काढलं, सहा घोडे, प्रत्येकाची मान वेगळीकडे वळलेली. तिसऱ्या वर्षी वर्ग हातातून गेला. तेच सर, तीच पद्धत. मुलांना कळलं होतं की हे काही बोलणार नाहीत. मुख्याध्यापकांनी तास काढून दुसऱ्या बाईंना दिला. बाई कडक. वर्ग सरळ झाला. जिन्यात नवं चित्र मात्र लागलं नाही. (पेपच्या बाबतीत तसं म्हणायचं नाही, उगाच अंगावर येऊ नका.)

मला वाटतं खवट म्हणतात तो योगायोग नाही आणि मावसभाऊ म्हणतात तसं आंधळेपणही नाही. रोनाल्डिन्हो ज्या मोकळेपणात फुलला त्याच मोकळेपणात बिघडला. त्यातला एक भाग ठेवून दुसरा काढता आला असता का, ते मला माझ्या सरांबद्दल अजून ठरवता आलेलं नाही. रायकार्डबद्दल मी कुठून ठरवू?

आणि मडगांवकारांनी लिहिलेलं क्रॉइफचं वाचल्यावर आणखी एक डोक्यात आलं. ज्याला प्रशिक्षकाच्या रोजच्या टोचण्यामुळे मैदान सोडून जावं लागलं, तो पुढे टोचणारा प्रशिक्षक होणार नाहीच ना?

मडगांवकार

बाई, तुम्ही आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त फुटबॉल बघितला आहे.

रंकाळ्याकाठी

नाद खुळा. ताई, ते घोड्याचं चित्र काढणारं पोरगं आता काय करतंय?

रेघोट्या

रंगकाम. घरांचं. आमच्या बिल्डिंगचं पण त्यानेच केलं. चोख हिशोब, एक रुपया जास्त घेतला नाही.

खवट खोबरं

बरं. मी माझा आकडा बदलतो. पाच नोकऱ्या, एक यशस्वी, पण ती एक अशी की बाकीच्या चार कोणी मोजू नयेत. २००६ ची पॅरिसची फायनल काल रात्री पुन्हा बघितली, तुमच्यामुळे. झोप गेली. अठराव्या मिनिटाला आर्सेनलचा गोलकीपर लेमान लाल कार्डावर बाहेर, तरी कॅम्पबेलच्या गोलने आर्सेनल पुढे. पाऊस. मग रायकार्डने काय केलं बघा. मध्यंतरातच एडमिल्सनला काढून इनिएस्टा. साठाव्या मिनिटाच्या आसपास फान बोमेलला काढून लार्सन. मग ओलेगेरला काढून बेलेटी. ७६ व्या मिनिटाला लार्सनच्या पासवर एटूचा गोल, ८० च्या आसपास लार्सनच्याच पासवर बेलेटीचा. बदली खेळाडूने दिला, बदली खेळाडूने मारला. बेलेटी तर बॅक! बाकावर झावी बसलेला, मेस्सी दुखापतीमुळे संघातच नाही. हे रोनाल्डिन्होच्या पुण्याईवर नव्हतं झालेलं. त्या रात्री रोनाल्डिन्हो बेताचाच होता.

कॅटलान काका

खवट, जेवायला या एकदा घरी.

दहा नंबरी

सगळ्यांचे आभार. इतका चालेल असं वाटलं नव्हतं.

माझं मत थोडं बदललं आहे. मी "विसरलो का" असं विचारलं होतं, तेव्हा मनात होतं की जगाने त्याच्यावर अन्याय केला. आता वाटतं की त्याने स्वतःच स्वतःला विसरू दिलं. १९८७ ला सरावातून निघून गेला. १९९५ ला चषक उचलला आणि बूट काढले. २००० ला राजीनामा. सौदीहून परतला तेव्हा जेमतेम पन्नाशीचा होता, आणि पुढे सांगून टाकलं की आता प्रशिक्षकपद नको. त्याच्या वयाचे लोक आजही एका संघातून दुसऱ्या संघात उड्या मारतायत. अँचेलोटी, मिलानच्या मधल्या फळीतला त्याचा जोडीदार, तीन वर्षांनीच मोठा आहे. एक थांबला, एक थांबत नाही. मोठा कोण, हे मी आता भाच्याशी वाद घालायला ठेवतो.

भाच्याला तो अल्बासेतेचा फोटो दाखवला. मेस्सी पाठीवर, खाली रोनाल्डिन्हो. तो बराच वेळ बघत होता. मग विचारलं, "मामा, ह्यात रायकार्ड कुठाय?" म्हटलं, फोटोत नाहीये.

शंकासुर

एक शेवटचं. शीर्षकात रायकार्डचं रायकार्ट करणार का?

आम्स्टेलवेनकर

असू दे. इथेही मी बोलायला लागलो की लोक इंग्रजीतच उत्तर देतात.